पाण्यावरचं बिऱ्हाड

यंदाच्या अंकाचा विषय ‘वेग’ आहे, असं संपादकांनी कळवलं आणि मला ताईच्या घरामागचा कालवा आठवला. ती गेली बरीच वर्षं बर्मिंगहॅमला राहते. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून लांबलचक, रंगीत बोटी सरकताना दिसतात. त्या इतक्या सावकाश जातात की शेजारच्या वाटेवरून चालणारा माणूस सहज त्यांच्या पुढे निघून जातो. ब्रिटनमधल्या अशा कालव्यांवर बोटीला ताशी चार मैलांपेक्षा जास्त वेगानं जायला मनाई आहे. ज्या देशानं जगाला आगगाडी दिली, त्याच देशात लोक मुद्दाम पैसे मोजून सुट्टीत या चालीनं प्रवास करतात. हे जवळून बघायचं ठरवलं. आई तेव्हा ताईकडेच होती. ताई, भाऊजी, सोळा वर्षांची भाची, नऊ वर्षांचा भाचा, आई आणि मी, असे सहाजण उत्तर वेल्समधल्या चर्क गावी गेलो आणि एका दिवसासाठी नॅरोबोट भाड्यानं घेतली.

या बोटीची रुंदी सहा फूट दहा इंच, म्हणजे आपल्याकडच्या चाळीतल्या गॅलरीपेक्षा थोडीच जास्त. लांबी मात्र सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत असू शकते. आमची चाळीसेक फुटी होती. हे माप अडीचशे वर्षांपूर्वी ठरलं. जेम्स ब्रिंडली या अभियंत्यानं मँचेस्टरजवळ ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरच्या कोळशाच्या खाणींपासून कालवा काढला, १७६१ मध्ये त्यावरून कोळसा मँचेस्टरकडे जाऊ लागला आणि शहरातला कोळशाचा भाव निम्म्यावर आला. ते यश बघून देशभर कालवे खोदायची लाट आली. पुढच्या कालव्यांसाठी ब्रिंडलीनं लॉकची, म्हणजे बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदाची, रुंदी सात फुटांच्या आसपास धरली. रुंदी कमी म्हणजे खोदाई कमी, बोगदे लहान आणि दर खेपेला लागणारं पाणीही कमी. अशा बोटीत पंचवीस-तीस टन माल मावे आणि तो एकच घोडा काठावरून दोरानं ओढत नेई. रस्त्यावरच्या गाडीत त्याच घोड्याला दोन टनही जड गेले असते.

उलटं सुकाणू

नॅरोबोट भाड्यानं घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. त्याआधी कधी बोटीवर पाय ठेवला नसला तरी चालतं. बोटीच्या धक्क्यावरचा माणूस येतो, अर्धा-पाऊण तास सगळं समजावतो, थोडं अंतर सोबत येतो आणि मग काठावर उडी मारून उतरून जातो. त्यानंतर कित्येक टन पोलाद तुमच्या हाती.

बोट मागच्या टोकाला उभं राहून चालवायची. हातात एक पितळी दांडा, टिलर. तो डावीकडे ढकलला की बोटीचं नाक उजवीकडे वळतं. त्यातही बोट वळते ती मधल्या भागाभोवती. म्हणजे नाक एका बाजूला गेलं की शेपूट दुसऱ्या बाजूला झुकतं आणि शेजारी बांधलेल्या बोटीला लागू शकतं. ब्रेक नसतो. थांबायचं तर इंजिन उलट्या गियरमध्ये टाकायचं आणि बोट थांबेपर्यंत धीर धरायचा. उलट जाताना सुकाणू जवळजवळ काहीच ऐकत नाही. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे सरकायचं, रस्त्यावरच्या इंग्लिश सवयीच्या अगदी विरुद्ध. धक्क्यावरच्या माणसानं एक गोष्ट मात्र तीन-तीनदा बजावली. बोट काठावर किंवा पुलावर आपटणार असं वाटलं तर आपटू द्या, ती पोलादाची आहे. मध्ये हात-पाय घालू नका.

भाऊजींनी गाडीच्या सवयीनं टिलर धरला. पुढचा कितीतरी वेळ त्यांच्या मनगटाला आणि डोक्याला जुळवून घ्यावं लागलं. आईचं तसं झालं नाही. तिचं बालपण दाभोळच्या खाडीकाठचं. माल भरलेले पडाव भरतीबरोबर आत येताना तिनं रोज पाहिलेले, आजोबांच्या होडीत बसून पलतीरी गेलेली. तिनं दांडा हातात घेतला, हलकेच ढकलला आणि नाक वळायला लागायच्या आधीच परत सरळ केला. बोट हाकण्यातलं सगळं कसब या ‘आधीच’मध्ये आहे. बोट उशिरा ऐकते, म्हणून सांगायचं लवकर आणि थोडंच.

इंजिनाचा आवाज ठक-ठक-ठक असा संथ. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद करायचं, नाहीतर आपल्या पाण्याच्या ओढीनं त्यांचे दोर ताणले जातात, आतल्या चहाच्या कपांतून चहा सांडतो. वेगमर्यादेचं खरं कारण मात्र काठांत आहे. हे कालवे सिमेंटचे नाहीत. चिकणमाती पाणी घालून तुडवायची, तिचा थरावर थर द्यायचा आणि पाणी झिरपणार नाही असा तळ तयार करायचा, ही ब्रिंडलीची रीत. काही ठिकाणी ती माती तुडवायला गुरं फिरवत. तेच काठ आजही पाणी धरून आहेत. बोट जोरात गेली की मागे लाट उठते आणि काठाची माती खात जाते. त्यामुळे आपली लाट काठावर फुटताना दिसली की लगेच वेग कमी करायचा, अशी इथली रीत आहे. भाचा मागे बसून लाटेवर लक्ष ठेवत होता. लाट फुटली की ओरडायचा, “बाबा, हळू!”

समोरून येणारं पाणी

चर्कहून ट्रेव्हरकडे निघालं की थोड्याच वेळात व्हाइटहाउसेस नावाचा बोगदा येतो. लांबी १९१ यार्ड, रुंदी एकाच बोटीपुरती. तोंडाशी थांबून आत बघायचं. दिवा दिसला तर समोरून कुणीतरी येतंय, त्यांना आधी बाहेर येऊ द्यायचं. काही दिसलं नाही की आपला दिवा लावायचा, भोंगा वाजवायचा आणि आत शिरायचं.

आत शिरताच बोट जडावली. इंजिनाचा आवाज तोच, पण भिंतीच्या विटा फारच हळू मागे सरकत होत्या. या कालव्याचं वेगळेपण इथे कळतं. बाकीचे बहुतेक कालवे म्हणजे साठलेलं पाणी. लँगॉलन कालवा मात्र वाहतो. लँगॉलनच्या वर डी नदीवर टॉमस टेलफर्ड या अभियंत्यानं अर्धवर्तुळाकार बंधारा घातला आहे, त्याला हॉर्सशू फॉल्स म्हणतात. तिथून नदीचं पाणी कालव्यात वळतं आणि चेशरमधल्या हर्ल्स्टनच्या जलाशयापर्यंत जातं. दिवसाला सुमारे १.२ कोटी गॅलन. आम्ही चाललो होतो प्रवाहाच्या विरुद्ध. उघड्या कालव्यात पाण्याला बोटीच्या दोन्ही बाजूंनी जायला जागा असते. बोगद्यात बोटच एवढी जागा अडवते की पाणी तिच्या नाकाशी तुंबतं. इंजिन वाढवून फार उपयोग होत नाही. पाण्याला वाट मिळेल त्या गतीनं पुढे सरकायचं. भाचीनं पुढे उभं राहून टॉर्च धरला होता. छतावरून पाण्याचे थेंब पडत होते. आई आत बसून डबा सोडत होती, धपाटे, तिळाची चटणी, दही. बोटीतल्या लहान शेगडीवर चहाचं आधण ठेवलेलं होतं.

बोगद्यातून बाहेर पडल्यावर उजव्या हाताला डीची दरी उघडते. व्ह्रॉनकसुल्ते गावाशी काठाला लागून जुन्या चुनभट्ट्या आहेत. डोंगरातला चुनखडक इथे यायचा, भाजला जायचा आणि बोटींत भरला जायचा. आता त्यांच्या तोंडांवर झुडपं वाढली आहेत. त्यानंतर कालवा एका उंच भरावावर येतो, झाडी संपते आणि समोर फक्त आकाश दिसतं.

दरीवरची लोखंडी पन्हळ

पोंटकसुल्तेचा जलसेतू टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधला. पायाचा दगड १७९५ मध्ये बसला, पाणी सुटलं २६ नोव्हेंबर १८०५ ला. लांबी १,००७ फूट. दरीतून अठरा दगडी खांब उठतात, नदीपासून उंची १२६ फूट. कालवा दरीच्या तळापर्यंत लॉकच्या पायऱ्यांनी उतरवायचा आणि पलीकडे पुन्हा चढवायचा, हा सोपा वाटणारा मार्ग पाण्याच्या दृष्टीनं महाग पडला असता. मातीचा थर दिलेला दगडी पूल एवढ्या उंचीवर फारच जड झाला असता. टेलफर्डनं बिडाच्या पट्ट्यांची पन्हळ करून ती खांबांवर ठेवली. पट्ट्या जवळच्याच विल्यम हेझल्डीनच्या कारखान्यात ओतल्या. खांब वरच्या भागात पोकळ ठेवले, म्हणजे पायावरचा भार कमी झाला. चुन्यात बैलाचं रक्त मिसळलं होतं. २००९ पासून हा पूल आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा अकरा मैलांचा कालवा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

हे सगळं मी वाचून गेले होते. बोटीतून तिथे पोचल्यावर जे समोर येतं त्याची कल्पना मात्र त्यातून आली नव्हती. एका बाजूला चालायची वाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला पन्हळीची लोखंडी कड पाण्याच्या जेमतेम वर येते आणि तिथेच सगळं संपतं. टिलरशी उभं राहून डावी-उजवीकडे पाहिलं तर एकीकडे माणसं आपल्याशेजारून चालताहेत, आणि दुसरीकडे आपला बूट, बोटीची कड, दोन बोटं पाणी आणि खाली खोल दरीत डी नदीचे दगड. ताई आत जाऊन बसली आणि पलीकडे पोचेपर्यंत बाहेर आली नाही. भाचा मागच्या दारात लाइफजॅकेट घालून उभा. त्याचा पट्टा मी धरून ठेवला होता.

इथे सुकाणू जवळजवळ धरावंच लागत नाही, पन्हळच बोटीला नेते. बोट अडकत कशी नाही, याचं उत्तर पायवाटेखाली आहे. पन्हळ सुमारे बारा फूट रुंद, बोट सातला कमी. पायवाट पाण्यात उभ्या केलेल्या लहान खांबांवर तोललेली आहे. म्हणजे जिथे माणसं चालतात तिथे त्यांच्या पायाखालीही पाणीच आहे, आणि बोटीनं बाजूला सारलेलं पाणी तिथून मागे निघून जातं. बोगद्यात जड झालेली बोट इथे त्यामुळेच मोकळी चालते. तपासणीसाठी अधूनमधून पन्हळीच्या तळाचं बूच काढतात आणि सगळं पाणी धबधब्यासारखं खालच्या नदीत पडतं.

पूल संपला की ट्रेव्हरचा धक्का. एवढा मोठा पूल इथे येऊन जणू थांबतो. मूळ बेत हा कालवा पुढे उत्तरेला चेस्टरपर्यंत न्यायचा, मर्सी, डी आणि सेव्हर्न या तिन्ही नद्या जोडायचा होता. पैसा संपला, बेत सुटला. मग कालव्याला पाणी कुठून आणायचं, म्हणून लँगॉलनकडून एक अरुंद शाखा काढली, १८०८ मध्ये. पाणी आणायला काढलेल्या त्या शाखेनंच पुढे अख्खा कालवा वाचवला. ट्रेव्हरशी बोट वळवून आम्ही परत निघालो.

दहा फुटांचं घर

परतीच्या वाटेवर चर्कजवळ जेवायला थांबलो. काठावर लोखंडी मेख ठोकून बोट बांधली. आमच्या पुढच्या बोटीत एक निवृत्त जोडपं वर्षभर राहतं. छतावर सरपणाच्या मोळ्या, कोळशाची पोती, सोलर पॅनेल, दोन सायकली. त्यांची स्वतःची कायमची जागा नाही, त्यामुळे १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त मुक्काम करता येत नाही. पाणी कुठे भरायचं, संडासाची पेटी कुठे रिकामी करायची, पुढचा डिझेलचा पंप किती तासांवर, यावर त्यांचा आठवडा बेतलेला असतो. त्यांनी चहा दिला, आईनं धपाटे दिले.

त्यांच्या बोटीच्या मागच्या भागातली केबिन जुन्या पद्धतीची होती, आणि तिनं मला दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं दाखवलं. दहा फूट लांब, सात फुटांहून कमी रुंद. दारातून उतरताच एका हाताला चूल. कपाटाचं दार खाली पाडलं की ते जेवायचं टेबल होतं. त्याच्या पलीकडे आडवा पलंग, तो दिवसा घडी होऊन भिंतीत जातो. भिंतींवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले, लेसच्या कडा, पितळी मुठी, छतावर चितारलेला पाण्याचा कॅन. एवढ्यात आई, वडील आणि चार-पाच मुलं राहत. उरलेली लांबी मालाची.

सुरुवातीला नावाडी पगारी गडी घेऊन चालायचे आणि त्यांचं बिऱ्हाड गावात असायचं. एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, मालाचे दर पडले. गड्याचा पगार आणि गावातल्या घराचं भाडं, दोन्ही परवडेना. मग बायको आणि मुलंच बोटीवर आली. वडील लॉक उघडायला पुढे जात, आई सुकाणूवर, मोठा मुलगा किंवा मुलगी घोड्याबरोबर चालत. तान्हं मूल छतावर दोरीनं बांधलेलं. इंजिन आल्यावर एका बोटीमागे दुसरी बिनइंजिनाची बोट ओढायची पद्धत पडली आणि ती मागची बोट बहुधा बाईच्या हाती असायची. स्वयंपाक करत, मुलांना सांभाळत, सुकाणू धरत. या कष्टांना पगार वेगळा नव्हता. मुलांना शाळा नव्हती, कारण बोट थांबत नव्हती.

कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथनं याविरुद्ध आवाज उठवला. तो स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबलेला. त्याच्या खटपटीनं १८७७ मध्ये कायदा झाला, बोटींची नोंदणी घर म्हणून होऊ लागली, केबिनच्या मापावर किती माणसं राहतील ते ठरलं, पाहणी सुरू झाली. तरी बोटीवरचं कुटुंबाचं हे आयुष्य विसाव्या शतकापर्यंत चाललं. दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा शहरी मुलींना शिकवून मालाच्या बोटींवर पाठवलं. त्यांतल्या सोनिया नावाच्या एकीनं नावाड्याशी लग्न केलं आणि युद्धानंतरही ती बोटीवरच राहिली. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले, आणि मालवाहतुकीचा उरलासुरला धंदाही त्यात बहुतेक गेला.

त्या दिवशी आमच्या बोटीवर सहाजणांनी जी कामं वाटून घेतली, ती नेमकी याच कुटुंबांची आहेत. बोटीची रचना एकट्या माणसासाठी झालेलीच नाही. कुणीतरी पुढे बघायचं, कुणीतरी दोर घेऊन काठावर उतरायचं, कुणीतरी चुलीशी, कुणीतरी मुलाचा पट्टा धरून. आम्ही ते सुट्टीत करत होतो. ती मुलं ते रोज करत होती, पावसात आणि बर्फात, आणि या संथ प्रवासाचं कौतुक करताना त्यांना विसरता येत नाही.

पाणी प्यायचं म्हणून वाचलेला कालवा

१९४४ मध्ये ज्या रेल्वे कंपनीकडे हा कालवा होता, तिनं संसदेत कायदा करून घेऊन तो बोटींसाठी रीतसर सोडून दिला. तेव्हा बुजवला गेला नाही, याचं कारण फक्त त्यातून वाहणारं पाणी. पुढे १९५५ मध्ये चेशरच्या पाणीपुरवठ्यासाठी करार झाला आणि कालव्याच्या देखभालीला कायमचा आधार मिळाला. आजही क्रू आणि नँटविचकडच्या नळांना हेच पाणी जातं.

त्याच १९४४ साली एल. टी. सी. रोल्ट यांचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक आलं. ‘क्रेसी’ नावाच्या बोटीवर बायकोबरोबर केलेल्या प्रवासाचं ते वर्णन. ते वाचून रॉबर्ट ॲकमन त्यांना भेटले आणि १९४६ मध्ये ‘इनलँड वॉटरवेज असोसिएशन’ स्थापन झाली. पुढची काही दशकं हौशी माणसांनी शनिवार-रविवारी फावडी घेऊन बुजलेले लॉक उकरले. २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आहेत. कालव्यांच्या भरभराटीच्या काळात नव्हत्या इतक्या बोटी आज त्यांवर आहेत. मात्र सरकारी अनुदान २०२७ पासून वर्षागणिक घटणार आहे, आणि अडीचशे वर्षांचे मातीचे काठ तर दुरुस्ती मागतच राहणार.

ग्रिंडली ब्रुकला

चर्क-ट्रेव्हरच्या टप्प्यात लॉक नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी गाडीनं व्हिटचर्चजवळच्या ग्रिंडली ब्रुकला गेलो. इथे तीन लॉक सुटे आणि तीन एकाला एक जोडलेले आहेत. वरच्या लॉकचं खालचं दार म्हणजेच खालच्या लॉकचं वरचं दार. हंगामात इथे लॉक-कीपर असतात, सोबत निळ्या कपड्यांतले स्वयंसेवक.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. वर जाणारी बोट रिकाम्या हौदात शिरते, मागची दारं बंद होतात. मग विंडलास नावाची काटकोनी चावी दातेरी चाकाच्या खुंटीवर चढवून फिरवायची, म्हणजे पाण्याखालची झडप उघडते. इथले लोक तिला पॅडल म्हणतात. पाणी भरतं, बोट उचलली जाते. दोन्हीकडची पातळी सारखी झाल्याशिवाय दार हलत नाही, कितीही माणसं लागली तरी. पातळी जुळली की नऊ वर्षांचं पोरही लांब लाकडी तुळईला पाठ लावून ते उघडू शकतं. भाच्यानं उघडलं, स्वयंसेवक आजोबांनी त्याला पाय रोवायची विटांची उभी कड दाखवल्यावर. खाली उतरणाऱ्या बोटीनं मागच्या उंबऱ्यापासून पुढे राहायचं, भिंतीवर पांढरी खूण असते. पाणी खाली जाताना बोटीची शेपटी त्या दगडी उंबऱ्यावर टेकली तर बोट तिरकी होऊन बुडते. प्रत्येक वेळी साधारण लाखभर लिटर पाणी वरून खाली जातं, म्हणून वर चढणाऱ्या बोटीच्या मागोमाग खाली उतरणारी घ्यायची, म्हणजे तेच पाणी दोघींना पुरतं. तीन जोडलेल्या लॉकमध्ये हा हिशेब चुकला तर वरच्या हौदाचं पाणी खालच्यात मावत नाही आणि काठांवरून वाहतं. म्हणून लॉक-कीपर.

भाची दोन तास तिथेच होती. येणाऱ्या प्रत्येक बोटीसाठी पॅडल फिरवलं, हातांना ग्रीस लागलं. हॉर्सशू फॉल्सपासून हर्ल्स्टनपर्यंत ४६ मैलांत २१ लॉक आहेत, हे तिनं नकाशावर मोजलं. परतताना गाडीत पुढच्या उन्हाळ्यात आठवडाभर बोट घ्यायचं ठरलं. लॉक भाचीकडे, लाटेवर लक्ष भाच्याकडे, दोर भाऊजींकडे. पोंटकसुल्तेवर ताई आत बसेल, हेही ठरलं. सुकाणू कुणाकडे, यावर चर्चा झाली नाही. आईनं फक्त विचारलं, आठवड्याला कणीक किती न्यावी लागेल.